मिस्त्रींची रिंग

जावयाने काहीतरी पटकन खिशात टाकलं, ते तिने पाहिलं. मटार सोलायच्या निमित्ताने ती सकाळपासून मागच्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसली होती, ती काही उगाच नाही.

कपड्यांच्या कारखान्यात शिवणी तपासण्यात तिचं उभं आयुष्य गेलं. तिच्या नजरेतून टाका सुटला नाही, तसा माणूसही सुटला नाही. गल्लीत तिच्या माघारी सगळे तिला तपासणीबाई म्हणत आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. नवरा पंपांचा मिस्त्री. तो गेल्यापासून त्याची स्कूटर धूळ खात पडली होती. आता लेकीला कामावर जायला हवी, म्हणून जावयाने इंजिन उघडलं. जावई बोलायला गोड, आणि गोड बोलणाऱ्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. चांगले भाग काढून भंगारातले घातले, तर कोणाला पत्ता लागणार? म्हणून काल तो जेवायला बसल्यावर तिने लेकीचं नेलपॉलिश आणून सिलिंडरवर बाहेरून आणि पिस्टनच्या पोटात एकेक लाल ठिपका देऊन ठेवला होता.

जावयाने ड्रिलला लावलेले घासायचे दगड सिलिंडरमधून बाहेर काढले, आतली बाजू पुसली आणि उजेडाकडे धरली. आत तिरप्या रेघांची बारीक जाळी उमटली होती.

"चांगल्या वस्तूला ओरखडे पाडलेत की," ती म्हणाली.

"पाडावेच लागतात, आई. या रेघांत तेल धरून राहतं, आणि पिस्टनवरच्या नव्या रिंगा यांच्यावर घासूनच नीट बसतात. आत गुळगुळीत असलं तर बसतच नाहीत."

"हं. आणि खिशात काय आहे?"

तो गडबडला. "जुनी रिंग. भंगार."

"बाकीच्या डब्यात आणि हीच तेवढी खिशात?"

आता सुटका नाही, हे त्याला कळलं. त्याने रिंग तिच्या हातावर ठेवली आणि टोकाजवळची बारीक खूण दाखवली. "ही खूण वर यायला हवी. खाली होती. रिंग उलटी बसली की तेल वर ओढते, मग धूर होतो. तुमच्या लेकीच्या हाती लागली असती, म्हणून..."

त्या रिंगा मिस्त्रींनी स्वतः बसवल्या होत्या, शेवटच्या वर्षी. खिडकीशी बसून ते नखाने काहीतरी चाचपत होते. "दिसतंय ना?" असं तिने विचारलं, तर "हाताला दिसतं," म्हणून तिच्यावर खेकसले होते. पुढे स्कूटर धूर ओकायला लागली तेव्हा ऑइलमध्ये भेसळ आहे म्हणाले. आणि तिने कोपऱ्यावरच्या दुकानदाराला गिऱ्हाइकांसमोर चोर ठरवलं, ते कायमचं.

"तिला सांगणार?"

"झिजल्या होत्या म्हणेन. तशा झिजल्याच होत्या."

तिला रडू आलं. मिस्त्रींना दिसत नव्हतं आणि त्यांनी ते एकट्याने सोसलं, याचं रडू. जावयासमोर आलं म्हणून रागही आला. डोळे पुसताना तिची नजर त्याच्याजवळच्या पिस्टनवर गेली. पिस्टन धुऊन लख्ख केला होता. पोटातला लाल ठिपका मात्र जागच्या जागी होता. त्याच्या कडेकडेने ब्रश फिरवलेला दिसत होता.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ते पुसा आता," ती हळूच म्हणाली.

"राहू दे, आई. इंजिनाला त्याचं काय?"

"ऑइल लागेल ना?"

"लागेल. चौकातून आणतो."

"तुम्ही रिंगा बसवा. कोपऱ्यावरून मी आणते."

त्याने चमकून वर पाहिलं, पण तोवर तिने पिशवी घेतली होती.

तिला येताना पाहून दुकानदाराने तोंड आवळलं. ऑइलचा डबा त्याने काउंटरवर ठेवला, झाकणाचं सील तिच्यासमोर धरलं आणि खालची तारीख दिसावी म्हणून डबा उलटा केला.

"असू दे," ती म्हणाली, आणि न बघताच डबा पिशवीत टाकला.