पिवळ्या दिव्याचा आसरा

कुवेतमध्ये अर्धी उमर दुसऱ्याची गाडी चालवून मुसाचाचा रोह्याशेजारच्या वरसे गावात परतले, ते एक पण करूनच: मागच्या सीटवर बसलेल्या कुणासाठीही आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मग पुतण्या आकिब दोह्याला गेला आणि "सांभाळा" म्हणून आपली गाडी त्यांच्या दारात लावून गेला. गल्लीला गाडी आणि ड्रायव्हर एकदमच मिळाले. कुणाला विमानतळ, कुणाला दवाखाना, कुणाला मुलगी बघायला. नाही म्हणायची सोय नव्हती. सगळे नात्यातले, आणि जे नव्हते ते होण्याच्या बेतात.

अशात डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. चाचांनी तो डोळ्यांत तेल घालून जपला. "वाटेत बंद पडली तर तुमचंच विमान चुकंल हो!" गल्ली महिनाभर रिक्षाने हिंडली.

शेवटी अमीनाचाचीने परस्पर दोह्याला फोन लावला, आणि आकिबने चाचांना पेणच्या हर्षद मेकॅनिककडे धाडलं.

हर्षदने स्कॅनर जोडला. "ऑक्सिजन सेन्सरचा हीटर, चाचा."

"गंभीर हाय?" चाचांनी आशेने विचारलं.

"नाय ओ. धुराच्या पाइपात बसतो हा सेन्सर. तापल्याबिगर काम करत नाय, म्हणून आत बारका हीटर असतो. फ्यूज शाबूत हाय, प्लगपर्यंत करंटपण येतोय." त्याने मीटरच्या पिना सेन्सरच्या हीटरला टेकवल्या. मीटर ढिम्म. "आतली तार तुटलीय. नवा टाकू."

"मागवायला टाइम लागंल. लागू दे. गाडी हितंच राहू दे, पावसाळाभर."

"फळीवरच हाय की!"

पाइप निवेपर्यंत चहा झाला. जुना सेन्सर निघाला, नवा बसला, स्कॅनरवरून बिघाडाची नोंद पुसली. चाचांनी चावी फिरवली. दिवा लागला. चाचांचा जीव भांड्यात पडला. इंजिन सुरू झालं, आणि दिवा विझला.

"प्लग काढून ठेवला तर परत लागंल ना?" चाचांनी हळूच विचारलं.

"लागंल. पण आकिबभाईला मी दिवा विझल्याचा फोटो धाडला ना." हर्षद हात पुसत म्हणाला, "आणि चाचा, आमच्या आईला कोलाडला सोडाल? तुमच्या वाटेवरच हाय."

चाचांनी सवयीने तोंड उघडलं, "वाटेत बंद..." आणि मिटलं. ज्याला हे सांगायचं, त्याच्याच नखांत या गाडीची काजळी होती.

हर्षदच्या आई विमलबाई दोन पिशव्या घेऊन आल्या. चाचांनी लगबगीने पुढचं दार उघडलं. "पुढं बसा, ताई."

"नको रे बाबा. पुढं बसलं की ट्रक अंगावर येतात." त्या मागे ऐसपैस बसल्या. चाचांची पाठ आपोआप ताठ झाली, हात आरशाकडे गेला.

"एसी जरा बारीक कर."

"जी, मॅडम."

शब्दाला जरासुद्धा गंज चढला नव्हता. कोलाडपर्यंत चाचा पुन्हा पुन्हा डॅशबोर्डकडे बघत राहिले. तिथे अंधार होता.