गिळू नकोस, थुंक

काकूंच्या हातची कॉफी प्यायला माणसं चार गल्ल्या ओलांडून येत, आणि काकू स्वतः मात्र तिचा थेंब तोंडात घालत नसत. बिया भाजायच्या त्यांनीच, दळायच्या त्यांनीच, आणि नुसता वास घेऊन कप पुढे सरकवायचा. एके काळी कॉफीवाचून त्यांचा डोळा उघडत नसे. मग एका सकाळी देवापुढे हात जोडले आणि सोडली. का, ते नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. सांगितलेलं व्रत उष्टं होतं, असं त्यांचं म्हणणं. जन्मभराची शपथही नव्हती ती. रोज उठायचं, हात जोडायचे आणि मनाशी म्हणायचं, "आज नाही."

दुकान साधं होतं तोवर हे कुणाच्या अध्यातमध्यात नव्हतं. पण कॉफीला बरे दिवस आले. लेकाने टेबलं बदलली, लांबच्या मळ्यांतल्या बिया मागवल्या, भिंतीवर फळा टांगला आणि त्यावर रोजच्या कॉफीच्या चवी लिहू लागला. संत्र्याची साल. ओलं लाकूड. मध. समोरचा शिंपी फळा वाचायचा, घोट घ्यायचा आणि डोकं खाजवायचा.

"काकू, मला यात नुसती कॉफीच लागतेय. जीभ दुरुस्तीला टाकू का?"

"आधी साखर कमी कर, मग जिभेला बोल लाव," काकू म्हणायच्या.

त्यांना हे नवं खूळ आवडलं होतं. मन लावून भाजलेल्या बियांची कुणी इतकी विचारपूस करतंय, यात वाईट काय? वाईट पुढे आलं.

"आई, उद्या तो चाखणारा येतोय," लेक म्हणाला. हा चाखणारा गावोगावच्या कॉफ्या चाखून त्यांची चित्रफीत काढायचा. त्याने मान डोलावली की त्या दुकानापुढे रांग लागायची. "त्याला तुझी गोष्ट सांगितली. खूश झाला! इतक्या वर्षांनी पहिला घोट, तोही कॅमेऱ्यासमोर. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल."

"व्रत माझं मोडणार आणि पाणी त्यांच्या डोळ्यांत?"

"मोडतंय कुठे? चाखणारे गिळत नाहीत गं. चमच्याने सुर्रकन ओढायची, तोंडात फिरवायची आणि थुंकायची. पोटात गेलीच नाही, तर प्यायलीस कशी?"

काकू हसल्या. "देवाला फसवायला निघालास, आणि बरोबर पिंकदाणी?"

सून खिदळली. लेकाने तिच्याकडे असं पाहिलं, की ती कपबशा पुसायला वळली.

दुसऱ्या दिवशी चाखणारा आला, आणि त्याच्या मागोमाग कॉफीच्या नव्या पाकिटांचे खोकेही. काकूंनी एक पाकीट हातात घेतलं. त्यावर त्यांचाच चेहरा होता. ओठांशी कप, कपातून वाफ. फोटो काढताना लेक म्हणाला होता, "नुसता धर गं, रिकामाच आहे." वाफ मागाहून रंगवलेली होती.

पाकीट त्यांनी परत खोक्यात ठेवलं. मग भाजायच्या फिरत्या ढोलात बिया घालून त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"काकू, या इकडे," चाखणाऱ्याने गोड आवाजात बोलावलं. कॅमेरा लागला होता. टेबलावर कॉफी, चमचा आणि थुंकायला एक चकचकीत भांडं. लेकाने चमचा भरून त्यांच्या हातात दिला.

"गिळू नकोस, थुंक," तो हळूच म्हणाला. "आई, माझं सगळं यावर आहे."

चमच्यातून वास वर आला. तो ओळखीचा होता, लाडका होता. काकूंनी तो श्वासभर घेतला. मग त्यांनी चमचा परत कपात ठेवला.

"आज नाही," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत मोठ्याने पहिल्यांदाच.

"पण ज्यांनी स्वतः चाखलीच नाही," चाखणारा म्हणाला, "त्यांच्या कॉफीवर लोकांनी विश्वास कसा ठेवायचा?"

"कॉफीवर ठेवायचा असेल तर पिऊन बघतील. माझं व्रत हा काही फळ्यावर लिहायचा स्वाद नाही."

आवाज चढला नव्हता. तो त्यांचा कधीच चढत नसे. ढोलात बिया तडतडू लागल्या, तशा त्या मागे वळल्या आणि बिया बाहेर ओतू लागल्या. चाखणाऱ्याने कॅमेरा बंद केला. आपण गोष्टीसाठी आलो होतो, असं म्हणाला, आणि कप अर्धा टाकून निघून गेला.

लेक खुर्चीत कोसळला. "संपलं. आणि ही पाकिटं? छापून आलीत, आई! आता काय जाळू?"

"जाळतोस कशाला?" काकूंनी खणातून स्टिकरांची गुंडाळी काढली. बिया कधी भाजल्या, ती तारीख लिहून रोज पाकिटाच्या मागे चिकटवायची असे. त्यांनी तारीख लिहिली आणि स्टिकर पुढच्या बाजूला दाबून बसवलं, नेमकं कपावर. वाफही झाकली गेली. उरला फक्त चेहरा, समोर बघणारा.

"असं विकायचं?"

"नसेल विकायचं तर माझा चेहरा काढ. पण तो असेल, तर खोटा नसेल."

सुनेने कपबशीचं फडकं खाली ठेवलं, दुसरी गुंडाळी उचलली आणि सासूशेजारी बसली. एवढ्यात शिंपी आत डोकावला. त्याने पाकीट उचलून उलटसुलट पाहिलं. "हे बरंय. काकू दिसतात, आणि ताजी कधीची तेही दिसतं," असं म्हणत त्यात बिया भरून घेतल्या आणि ते काखेत मारलं.

 लेक खुर्ची ओढत टेबलाशी आला.

"तिरकं लावलंयस हे," तो सुनेवर खेकसला.

"कप झाकला ना?" काकू म्हणाल्या, आणि पुढचं पाकीट त्याच्यासमोर सरकवलं.