बुडातले तुडतुडे

शनिवारची शाळा सकाळची. वडगावातल्या हायस्कुलात जीवशास्त्र शिकवणारी मंजुश्री दुपार व्हायच्या आत स्कूटरवरून येळ्ळूरला, सासरी, परतत होती. गावाच्या अलीकडच्या वळणावर तिला आपल्याच शिवारात गर्दी दिसली. बांधावर माणसं माना वर करून, मोबाइल धरून उभी होती आणि भाताच्या डोक्यावरून ड्रोन घोंघावत चालला होता.

तिनं स्कूटर रस्त्याकडेला टाकली आणि साडीचा ओचा धरून बांधावरून पळत सुटली.

"भावजी, खाली उतरवा ते!" ती लांबूनच ओरडली.

ड्रोन चालवत होता तिचा थोरला दीर नागेंद्र. उन्हाळ्यात ट्रेनिंग घेऊन त्यानं हे नवं काम धरलं होतं. गावोगावच्या रानात फवारणी करून द्यायची. आज त्यानं पहिला मुहूर्त घरच्या भातावर केला होता. पाहुण्यांना पेढे वाटून झाले होते.

"झालंच की," तो हातातल्या रिमोटवरची नजर न काढता म्हणाला. "शेवटचा फेरा ऱ्हायलाय."

"नाल्याकडच्या तुकड्यावर मारायचं न्हाय म्हणून ठरलं होतं. आप्पांनी कबूल केलं होतं मला."

"घरच्याच भातावर मारलं न्हाय तर लोक मला का बोलवतील? म्हणतील, ह्यो सोताच्या रानात मारत न्हाय आणि आमच्यात मारायला यालाय. आणि पानं बघितलीस काय, पांढरी फटक पडल्यात."

पानं पांढरी पडली होती हे खरं. अळी भाताचं पान गुंडाळून घेते, आत बसून हिरवा गर खरवडून खाते आणि मागं पांढरा पट्टा राहतो. लांबून बघणारा घाबरतो. पण भात अजून फुटवे धरत होतं. चार पानं गेली तर आठ नवी यायच्या दिवसात होतं. मंजुश्री रोज संध्याकाळी नाल्याकडच्या तुकड्यात जाऊन गुंडाळलेली पानं उलगडून बघत होती. निम्म्याहून जास्त अळ्या आत मरून पडलेल्या सापडत होत्या. मुंगीहून बारीक माशा येऊन त्यांच्यात अंडी घालून गेल्या होत्या. अळीनं पान खाल्लं की भात एक वास सोडतं. माणसाच्या नाकाला तो कळत नाही, त्या माशीला कळतो. ती वास काढत येते. पंधरवडाभर हे सगळं मंजुश्री बघत होती, सासऱ्यांना ओढून नेऊन दाखवत होती. सुबरावआप्पांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, कंटाळून का होईना, "बरं, तेवढा तुकडा सोडू या," म्हटलं होतं.

ड्रोन उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. औषधाचा उग्र वास घशाला झोंबत होता. मंजुश्री तशीच चिखलात उतरली. भाताच्या चुडींच्या, म्हणजे रोपांच्या झुबक्यांच्या, मधल्या पाण्यावर कोळी पडले होते, पाय आखडून. काही अजून हलत होते.

तिनं ओंजळीत ते पाणी घेतलं आणि नागेंद्रासमोर धरलं. "हे तुमचं काम करत होते. फुकट. ह्यांना मारलंसा."

"अगं, कोळी हाईत ते!" तो हसला. बांधावरचे लोकही हसले.

त्या हसण्यानं तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ओंजळ तिथंच सोडून ती घरी गेली.

घरी आप्पा सोप्यात बसून पान लावत होते. तिनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आगं, दोन कोळी मेले म्हणून घर डोक्यावर घेतीस व्हय? थोरल्याचं नवीन काम हाय. सांभाळून घ्याला पायजे."

"मग मला कबूल कशाला केलंसा?"

आप्पांनी चुन्याची डबी मिटली आणि ते उठून परसात गेले.

नवरा, विक्रम, सैन्यात होता, दूर आसामात. फोनवर तोही म्हणाला, "जाऊ दे गं मंजू, दादाला वाईट वाटंल." फोन बंद करून तिनं पिठाच्या डब्यावर आपटला. सगळ्यांना नागेंद्राला वाईट वाटेल याचीच काळजी होती. तिला काय वाटतंय हे कुणाला विचारायचंच नव्हतं.

मग गणपती आले आणि गेले. भात पोटरीला आलं, पोटात लोंबी धरू लागलं. लांबून हिरवंगार, कुठं पांढरं पान नाही. नागेंद्र येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता. आसपासच्या बऱ्याच जणांनी त्याला बोलावून फवारणी करून घेतली. शिवाय पीक तजेलदार दिसावं म्हणून त्यानं घरच्या रानात युरियाचा आणखी एक हात फिरवला.

पहिल्यांदा दिसलं ते मंगलला. मंगल नागेंद्राची बायको, मंजुश्रीची थोरली जाऊ. बांधावर वैरण कापायला गेली होती. ती घरी आली ती नवऱ्याकडं न जाता सरळ मंजुश्रीच्या खोलीत.

"मंजू, जरा रानात चल."

"काय झालं आक्का?"

"चल तर. ह्यांना बोलू नको."

नाल्याकडच्या तुकड्यात मंगलनं दोन्ही हातांनी चूड फाकवली. बुंध्याला पाण्याच्या जरा वर तपकिरी भुसा चिकटल्यासारखं दिसत होतं. मंगलनं चुडीला टिचकी मारली आणि तो भुसा उडाला. तिच्या लुगड्यावर, हातांवर, पाण्यावर बारीक किडे तडतड उड्या मारत पसरले.

"तुडतुडे," मंजुश्री म्हणाली.

ती तिथंच बांधावर बसली. तिला दिसत होतं काय झालंय ते. तुडतुड्याची अंडी भाताच्या आत, बुंध्याला बिलगलेल्या पानाच्या पोटात असतात. वरून मारलेलं औषध तिथवर जात नाही. कोळी मेले, अंडी खाणारे ढेकणासारखे किडे मेले, बारीक माशा मेल्या. अंडी तेवढी राहिली. ती फुटली तेव्हा खाणारं कोणी नव्हतं आणि युरियानं भाताचा बुंधा लुसलुशीत करून ठेवला होता. भातानं वास सोडलाही असेल. यायला कोण शिल्लक होतं?

"रडालीस व्हय?" मंगलनं विचारलं.

"न्हाय आक्का. मला कुणालातरी मारावंसं वाटालंय."

मंगल हसली नाही. "मला तर रोजच वाटतंय," ती म्हणाली आणि भारा डोक्यावर घेतला.

दोनच दिवसांत वरच्या रानात, मोठ्या दोन वाफ्यांत, पिवळे गोल चट्टे पडले. नागेंद्र संध्याकाळी सोप्यात चढला तोच ओरडत. "हिच्या त्या तुकड्यामुळं! फवारायच्या आधी तिथं किडं पाळून ठेवलं हिनं. तिथनंच पसरलं सगळं. उद्या डबल औषध मारतो."

"डबल मारा, चौबल मारा," मंजुश्री आतून बाहेर आली. "किडं बुडात हाय आणि तुमी मारणार आभाळातनं. पानाला लागंल, बुडाला न्हाय. जे काय थोडे कोळी परत आलेत ते मरतील. आप्पा, तुमी सांगा ह्यांना. भाताला सोताची राखण करता येतीया. त्याला चावलं तर ते हाक मारतंय. आपण हाकेला येणाऱ्यांनाच मारतोय."

"भात हाक मारतंय?" आप्पांनी नागेंद्राकडं बघितलं. दोघांच्याही ओठांवर हसू आलं.

मंजुश्रीचा आवाज चढला. "हसा! वर्गातल्या बारक्या पोरी हे ऐकून घेतात, प्रश्न विचारतात. तुमी दोघं नुसतं हसताय. मी बोललो की हसताय, भात करपलं की माझ्यावर ढकलताय. नाल्याकडच्या तुकड्यात उद्या ड्रोन आणला तर मी मधी उभी ऱ्हाणार. मग मारा माझ्या डोक्यावर."

"तोंड लई सुटलंय हिचं," नागेंद्र म्हणाला.

"सुटलंय. उशिराच सुटलं."

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेत रजा टाकली. उजाडायला ती रानात होती. थोड्या वेळानं मंगल आली, हातात खोरं घेऊन. दोघींनी मिळून तुकड्यातलं पाणी नाल्याकडं फोडून दिलं. बुडात ओल आणि सावली असली की तुडतुडे माजतात. मग भाताच्या ओळी दोन्ही बाजूंना सारून मधे मधे वाटा पाडल्या, वारं आणि ऊन आत जावं म्हणून. जिथं चट्टा पडायला लागला होता तिथं मंजुश्रीनं स्वतः पाठीवरचा पंप घेतला. कृषी विज्ञान केंद्रातल्या ओळखीच्या बाईंना विचारून, कोळ्यांना कमी बाधेल असं औषध तिनं आणलं होतं. नळी चुडींच्या बुडाशी धरून ती एकेक ओळ मारत गेली. औषधाशी तिचं वैर नव्हतं. बिनडोकपणे मारण्याशी होतं.

नागेंद्र ड्रोन घेऊन आला. दोघी तुकड्यात उभ्या. माणसं असताना वरून फवारता येत नव्हतं.

"मंगल, बाहेर ये," तो म्हणाला.

"काम ऱ्हायलंय माझं."

"बाहेर ये म्हणालोय न्हवं?"

"तुमी वरच्या रानात जावा की," मंगल न वळता म्हणाली. "तिथं कोण अडवलंय तुमाला."

तो वरच्या रानात गेला. दोन्ही मोठ्या वाफ्यांवर त्यानं डबल औषध मारलं.

दसऱ्यापर्यंत वरचं रान जळून गेलं. आग लावल्यासारखं तांबूस, उभ्याउभ्या वाळलेलं. लोंब्या बाहेर आल्या होत्या, पण दाणा पळंज. हातात चुरगळला तर नुसतं टरफल. नाल्याकडचा तुकडाही पुरता वाचला नाही. वरचं रान खाऊन झाल्यावर पंख फुटलेले तुडतुडे तिकडं उतरले आणि बांधालगतचं भात गेलं. आतलं राहिलं. जे वाचलं ते बघून मंजुश्रीला आनंद झाला नाही. सगळं वाचलं असतं, हे तिला रोज दिसत होतं.

जळलं ते फक्त त्यांचंच नव्हतं. नागेंद्राकडून फवारून घेतलेली कितीतरी रानं तशीच करपली. एका रविवारी लोक घरासमोर जमले. सुळगा रस्त्याकडचा दिग्विजय सगळ्यात पुढं होता. फवारणीच्या दिवशी ड्रोनबरोबर फोटो काढून घेणाऱ्यांत तोच पहिला होता.

नागेंद्र घाईनं स्वयंपाकघरात आला. कित्येक दिवसांत तो मंजुश्रीशी बोलला नव्हता.

"मंजू, जरा बाहेर ये. तू शिकलेली हाईस, तुझं ऐकतील. त्यांना सांग, ह्या वर्षी हवाच खराब होती म्हणून."

ती भाकरी थापत होती. तिला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. परातीत हात तसाच ठेवून तिनं त्याच्याकडं बघितलं. "माझं ऐकतील?"

"एवढंच बोल. घरच्या अब्रूचा प्रश्न हाय."

मंजुश्री पिठाच्या हातानंच बाहेर गेली. आप्पा खाली मान घालून बसले होते. अंगणात गलका चालला होता.

"हवा खराब नव्हती," ती मोठ्यानं म्हणाली. गलका थांबला. "अळीला भिऊन आपण नको तेव्हा औषध मारलं. तुडतुडे खाणारे सगळे मेले, तुडतुड्यांची अंडी राहिली. आमचंही त्यानंच जळालं. जाऊन बघा."

नागेंद्राचा चेहरा काळवंडला. "ऐकलासा?" दिग्विजय ओरडला. "घरचीच माणसं सांगालेत!" आणि त्यानं पायरी चढून नागेंद्राची कॉलर धरली.

"सोड!" मंजुश्री त्याच्याही अंगावर गेली. "सोड आधी. तुला कुणी जबरदस्ती केलती काय? मी कोळी दाखवले त्या दिवशी हसणाऱ्यांत तू होतास. माझ्यासमोर होतास. ह्यांनी मारलं, तू मारून घेतलंस. आता ह्यांना मारून तुझं भात हिरवं होतंय काय? माझ्या दारात हे चालणार न्हाय."

दिग्विजयनं हात सोडला. मग मागच्या बाजूनं एका म्हाताऱ्या बाईनं, मालुबाईनं, विचारलं, "पोरी, माझं निम्मं ऱ्हायलंय गं. काय करू?"

"पाणी फोडून द्या आत्या. मी येतो दुपारी," मंजुश्री म्हणाली.

लोक गेल्यावर आप्पा म्हणाले, "घरची गोष्ट दारात नेलीस."

"घरात ऐकून कोण घेतलं?"

संध्याकाळी आप्पा एकटेच नाल्याकडच्या तुकड्यात गेलेले मंगलनं बघितलं. चूड फाकवून, वाकून, कितीतरी वेळ ते बघत होते. तेवढ्यानं मंजुश्रीचा राग जाणार नव्हता.

दिवाळीनंतर मळणी झाली. वरच्या रानातून नुसतं पिंजार निघालं, तेही गुरं तोंड लावेनात असं. जेवायला सगळे बसले असताना मंगलनं वाढता वाढता सांगून टाकलं, "पुढल्या साली खालचं वरचं सगळं रान आमी दोघी बघणार. काय मारायचं, कवा मारायचं, आमी ठरवणार." नागेंद्रानं ताटातून मान वर केली. आप्पा म्हणाले, "बघू देत." नागेंद्र ताट सारून उठला.

रान मोकळं झालं, तशा दोघी मसूर पेरायला गेल्या. ओल चांगली होती. दुपारी नागेंद्र बांधावर येऊन उभा राहिला. बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "बियाणं दाट पडालंय."

मंजुश्रीनं मान वर केली नाही. मंगलनं कमरेची ओटी सैल करून त्याच्याकडं बघितलं. "मग उतरा खाली," ती म्हणाली. "वरनं नका सांगू."

त्यानं चपला काढल्या. मंजुश्री दुसऱ्या टोकाला निघून गेली आणि तिथून पेरत राहिली.