पाटावरची फ्लॉपी

खंडेनवमीच्या सकाळी शिवम्मानं पाट मांडला. नवऱ्याच्या किराणा दुकानातला तराजू ठेवला, शेजारी आपली विळी ठेवली आणि पोराला हाक मारली, "सिद्धा, तुझं अवजार आन बाबा. कंप्युटर काय पाटावर मावत न्हाई. ज्यानं काम करतूस तेवढंच आन."

झालं! सिद्धारामच्या डोक्याचा पार भुगा झाला. वर्षभर त्याला हाच प्रश्न छळत होता. काळ्या पडद्यावर चालणारं फॉक्सप्रो शिकून त्यानं दुकानात माल किती उरला ते सांगणारा प्रोग्रॅम लिहिला, तोवर औरंगाबादचे क्लासवाले म्हणाले, काळ्या पडद्याचे दिवस गेले, विंडोजवरचं शीक. ते शिकतो न शिकतो, तोच पुण्याचा मित्र म्हणाला, "जावा शीक बे, उद्या सगळं खिशातल्या फोनवर चालनार." परळीत अजून कुणाच्या खिशात फोन नव्हता. वर वडिलांनी, चन्नप्पांनी, बजावलेलं: दसऱ्यापर्यंत एक तरी गिऱ्हाईक आण, नाहीतर दुकानात बसून साखर तोल. साखर तोलायच्या नुसत्या विचारानं त्याला रडू यायचं.

शेवटी नवं ते बरं म्हणून त्यानं सीडी पाटावर ठेवली. विंडोजवरचा प्रोग्रॅम त्यानं क्लासात बसून केला होता आणि त्या सीडीत भरून आणला होता. घरच्या मशीनवर अजून चढवायचा होता. शिवम्मानं सीडीला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू ठेवला. जुन्या प्रोग्रॅमची फ्लॉपी टेबलाखाली धूळ खात होती.

तेवढ्यात बियाणांचे दुकानदार उत्तरेश्वरकाका दारात हजर. "आमचाबी तराजू आज पूजेला बसलाय. म्हनलं, तुझा प्रोग्रॅम तरी बघावा."

सिद्धारामचा हात सीडीकडे गेला, तशी शिवम्मा कडाडली, "पूजेतलं उद्यापर्यंत हलवायचं न्हाई!"

"अगं, समदं त्यातच हाय!"

"मंग कावून ठेवलंस?"

त्यानं टेबलाखालची फ्लॉपी काढली, फुंकर मारली आणि लाजत लाजत काळा पडदा उघडला. काकांनी एका बोटानं 'साखर' टाइप केलं. चन्नप्पांच्या दुकानात उरलेली पोती झटकन समोर आली.

"लई झकास! हेच दे."

"पर काका, हे जुनं हाय. नवं तिकडं झेंडूखाली हाय."

"नव्यात काय जास्त हाय?"

रंग, चित्रं, बटणं, एवढंच त्याला मोजता आलं. "खरं सांगू? मलाच काई कळंना झालंय. उद्या ह्यातलं काय टिकंल, न्हाई म्हाईत." गिऱ्हाईक गेलंच, असं त्याला वाटलं.

"बंद पडलं तर येशील का?"

"येईन की!"

"मंग झालं."

पाटाशेजारी बसलेले चन्नप्पा उठले. त्यांनी मशीनमधून फ्लॉपी काढायला लावली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि पाटावर आपल्या तराजूला खेटून ठेवली.

"आप्पा, काकांना द्यायचीय ती!"

"पूजेतलं हलवत न्हाईत. उद्या सोनं द्यायला जाशील, तवा आपट्याच्या पानासंगं दे."

सिद्धारामनं पाटाकडं पाहिलं. यातलं आपलं अवजार कोणतं, ते त्याला अजूनही कळेना. त्यानं दोन्हींना हात जोडले.

"अन् दुकानात येऊ नकोस," चन्नप्पा फुलं सारखी करत म्हणाले. "साखर तोलायला मी हाय."