आत्याचा लॅपटॉप मीच निवडणार

ढापणीने वहीत एकूण सव्वीस लॅपटॉप उतरवले होते. प्रत्येकासमोर किंमत, वजन, रॅम किती, बॅटरी किती तास, पंखा किती बोंबलतो, आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईने शेरा. शेरे तर असे की वाचत बसावं. 'दिसायला राजा, चालायला गोगलगाय.' 'कीबोर्ड म्हणजे ओल्या बिस्किटावर टाइप करणं.' 'हा घेण्यापेक्षा पाटी घ्या.' दहावीच्या विज्ञान प्रकल्पावर तिने याच्या निम्मीही मेहनत घेतली नव्हती, आणि हे आई तिला दिवसातून दोनदा ऐकवत होती.

लॅपटॉप घ्यायचा होता आत्याला. आत्या म्हणजे ढापणीच्या बाबांची धाकटी बहीण. वय छत्तीस. गेली चौदा वर्षं ती चष्म्याच्या कारखान्यात काचा घासत होती. नंबराप्रमाणे काच घासायची, फ्रेमच्या मापाने कडा उतरवायच्या, मग काच उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघायची. पहिलीपासून आजवर ढापणीच्या नाकावर जे सात चष्मे बसले, त्या साती चष्म्यांच्या काचा आत्याच्या हातच्या. 'ढापणी' हे नावही तिनेच ठेवलेलं. शाळेत कोणी त्या नावाने चिडवायला आलं की ढापणी डोळे मोठे करून म्हणायची, "अय्या, माझं घरातलं नाव तुला कसं कळलं?" चिडवणाऱ्याचाच चेहरा पडायचा.

तर ही आत्या आता कॉलेजात निघाली होती. डोळे तपासायचा अभ्यासक्रम, दुसऱ्या गावी, वसतिगृहात राहून, चांगली तीन वर्षं. "काचा पुष्कळ घासल्या. आता त्यांच्यामागचे डोळे बघते," असं तिने जेवताना जाहीर केलं तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला. पण आत्याने एकदा ठरवलं की ठरवलं.

कॉलेजच्या पत्रात एक ओळ होती, विद्यार्थ्याकडे स्वतःचा लॅपटॉप असावा. आत्याने ते पत्र सरळ ढापणीपुढे सरकवलं.

"पंचेचाळीस हजार. त्याच्यावर दमडी नाही. अभ्यास झाला पाहिजे आणि घरच्या कॉम्प्युटरवरचा आपला संध्याकाळचा खेळ त्यावर चालला पाहिजे. बाकी मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू सांगशील तो घेऊ."

तू सांगशील तो! मागच्या वर्षापर्यंत उत्तर येत असूनही वर्गात जी हात वर करायची नाही, तिला कोणीतरी पंचेचाळीस हजारांचा निर्णय देऊन टाकला होता. ढापणी दोन दिवस जमिनीवर नव्हतीच. वर्गातल्या सगळ्यांना सांगून झालं, सांगायला कोणी उरलं नाही तेव्हा शाळेच्या शिपाईकाकांनाही सांगून झालं.

सव्वीसातले चोवीस गळले. उरले दोन.

एक होता राखाडी, पातळ, चौदा इंची. वजन जेमतेम सव्वा किलो, बॅटरी दिवसभर पुरणारी. खेळासाठीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड त्यात नव्हतं. दुसरा काळा, जाडजूड, गेल्या वर्षीचं मॉडेल म्हणून स्वस्तात आलेला. त्यात ग्राफिक्स कार्ड होतं, कळांखाली लाल दिवे होते, आणि त्याचा चार्जर एकट्यानेच एवढा होता की अंगावर फेकला तर माणूस आडवा व्हावा. बॅटरी मात्र तीन तासांत मान टाकणार.

उत्तर तर समोर होतं, राखाडी. पण त्याच संध्याकाळी आत्याने कपाटावरची मोठी बॅग खाली काढली आणि झटकली. ढापणी आणि आत्या एकाच खोलीत झोपायच्या. खिडकीजवळचा पलंग आत्याचा, भिंतीकडचा ढापणीचा. झटकलेल्या बॅगेतून धूळ उडाली आणि ढापणीने बोटांवर दिवस मोजले. अकरा दिवस. अकरा दिवसांनी खिडकीजवळचा पलंग रिकामा.

आणि मग तिच्या डोक्यात तो विचार आला. तो काळा दगड कोण नेणार-आणणार? आत्या वैतागून तो घरीच ठेवेल. आणि लॅपटॉप घरी असला की अभ्यासासाठी दर शनिवारी तिला घरी यावंच लागेल. यावंच लागेल!

ढापणीने लाल पेन उचललं आणि राखाडी लॅपटॉपसमोर लिहिलं, 'नाजूक. भरवशाचा नाही.' त्या अख्ख्या वहीत तो एकच शेरा खोटा होता.

शनिवारी दोघी दुकानात गेल्या. काउंटरमागे हनुवटीवर चार केस राखलेला एक दादा होता. त्याने आधी आत्याकडे, मग ढापणीकडे पाहिलं.

"मुलीसाठी बघताय का, ताई?"

"मुलगी नाही, भाची. आणि घ्यायचाय मला. कॉलेजला चाललेय मी." आत्याने हे इतक्या ठसक्यात सांगितलं की शेजारी प्रिंटर बघणारे एक आजोबा वळून बघायला लागले. "आणि निवड हिची आहे, बरं का. तुम्ही मला काही समजावू नका, तिच्याशी बोला."

दादाने ढापणीशी बोलायला सुरुवात केली आणि पाचच मिनिटांत त्याला पश्चात्ताप झाला.

"आम्हाला तो काळा हवाय. त्यात रॅम आठच आहे, पण अजून एक कप्पा रिकामा आहे ना? मागचं झाकण आम्ही उघडलं तर वॉरंटी जाते का? स्क्रीन बदलून मिळते का? किती दिवसांत?"

"बाई गं," दादा म्हणाला, "तू इथे नोकरीलाच ये."

आत्याची छाती फुगली होती. "कारखान्यात सगळ्यांना सांगून आलेय मी. म्हटलं, माझा लॅपटॉप माझ्या भाचीने सव्वीसातून निवडलाय."

ढापणीचे कान गरम झाले.

काळा लॅपटॉप काउंटरवर आला. आत्याने तो काच तपासतात तसाच तपासला. मान वाकडी केली, एक डोळा मिटला, स्क्रीन थोडी मागे कलवली, छतावरची ट्यूब त्यात कशी दिसते ते पाहिलं.

"चकाकतो फार. अख्खी ट्यूब दिसतेय यात. पाच-सहा तास बसलं तर डोळ्यांतून पाणी येईल." मग तिने लगेच हात झटकला. "असू दे. तू बघितलंच असशील ते सगळं."

ढापणीने ते वहीत लिहिलं होतं. 'चकाकी' असा एक रकानाच होता.

"आणि जड आहे ना?" ढापणी घाईघाईने म्हणाली. "उचलून बघ. खूपच जड आहे."

आत्याने लॅपटॉप आणि चार्जर दोन्ही आपल्या पिशवीत घातले, पिशवी खांद्याला अडकवली आणि दुकानातल्या दुकानात एक फेरी मारून आली. खांदा एका बाजूला कलला होता, पण चेहरा हसरा.

"एवढंच? काचांच्या पेट्या उचलते मी रोज. वसतिगृहापासून कॉलेज अर्धा तास चालत आहे म्हणे, होईल सवय. तू निवडलायस म्हटल्यावर मी काय घरी ठेवणारेय होय?"

झालं. ढापणीचा बेत बसल्या जागी आपटला. आत्या हा दगड तीन वर्षं खांद्यावर वाहणार होती, आणि तेही कौतुकाने.

तरी ढापणीने वही मिटून घेतली. आता बोलायचं म्हणजे सगळंच बोलावं लागणार.

"खेळ चालवून बघायचाय का?" दादाने विचारलं. ढापणीने पेन ड्राइव्हवर खेळ आणला होताच. मोठी टोपी घातलेला एक पोस्टमन, डोंगरातल्या गावांना पत्रं पोचवतो, एवढीच गोष्ट. दादाने दोन खुर्च्या दिल्या, माउस जोडला, आणि दोघींचे हात आपापल्या जागी जाऊन बसले. ढापणीचा डावा हात कीबोर्डवर, आत्याचा उजवा हात माउसवर.

"हे काय?" दादा म्हणाला. "दोघी मिळून एकच माणूस खेळवता?"

"मग? चालणं माझं. बघणं आणि उडी मारणं आत्याचं."

ढापणी सात वर्षांची असताना तिचे हात दोन्हीकडे पुरायचे नाहीत, म्हणून आत्या शेजारी येऊन बसली होती. पुढे हात पुरायला लागले, पण ते कोणाच्या लक्षातच आलं नाही. आठ वर्षं तो टोपीवाला दोघींमध्ये अर्धा-अर्धा होता.

काळ्या लॅपटॉपवर तो भलताच देखणा दिसत होता. गवताचं पातं न् पातं हलत होतं. दोघींनी त्याला झुलत्या पुलापर्यंत आणला. पुलाच्या मधल्या फळ्या तुटलेल्या होत्या.

"बिलावर नाव आणि पत्ता लागेल," दादाने हाक मारली. ढापणी उठून काउंटरकडे गेली. पत्ता लिहिता लिहिता तिने मागे वळून पाहिलं.

टोपीवाला पुलाच्या तोंडाशी उभा होता. तो आभाळाकडे बघत होता. मग खाली नदीकडे. मग त्याने जागच्या जागी एक उडी मारली. मग आणखी एक.

"चल की रे बाबा," आत्या हळूच त्याला म्हणत होती. तिचा डावा हात मांडीवर तसाच पडला होता. आठ वर्षांत तो कधी कीबोर्डला लागलाच नव्हता. टोपीवाल्याने पुन्हा जागच्या जागी उडी मारली, आणि आत्याने कोणी बघत नाही ना म्हणून हळूच आजूबाजूला पाहिलं.

ढापणीला वसतिगृहातली खोली दिसली. ती तिने कधी पाहिली नव्हती तरी दिसली. तिने पेन खाली ठेवलं.

"दादा, थांबा. बिल नका करू."

ती आत्याच्या शेजारी जाऊन बसली. "आत्या, हा नको घेऊस."

"का गं? काय झालं? मस्त पळतोय की."

"जड आहे. चकाकतो. बॅटरी तीन तासांत संपते, तुझी एका दिवसाची लेक्चर्स पण व्हायची नाहीत. मला सगळं माहीत होतं." एकदा सुटलं ते सुटलंच. "राखाडीवर मी खोटं लिहिलं. तो चांगला आहे. मला वाटलं, हा जड आहे म्हणून तू घरी ठेवशील, आणि मग तुला दर शनिवारी यावं लागेल."

आत्याने माउसवरचा हात काढून घेतला. दादा कुठलीतरी वायर गुंडाळत बसला. ती आधीच गुंडाळलेली होती.

"खोटं लिहिलंस," आत्या म्हणाली. "मला?"

"एकच शेरा."

"एक काय न् सव्वीस काय. मी लोकांना सांगत फिरतेय आणि तू..." तिचा आवाज चिरकला. तिने हात पुढे करून ढापणीच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, खिशातलं मऊ फडकं काढलं आणि काचा पुसायला लागली. चष्म्याशिवाय ढापणीला दुकान म्हणजे नुसते रंगांचे डाग दिसत होते, आणि त्यातला सगळ्यात जवळचा डाग नाक ओढत होता.

"वेडाबाई," तो डाग म्हणाला. "शनिवारी मी लॅपटॉपसाठी आले असते होय? तू घरी असताना?"

चष्मा परत नाकावर बसला. आत्याचे डोळे लाल होते, पण ती नीट दिसत होती.

"आता एकदम खरं सांग. माझ्यासाठी कोणता?"

"राखाडी," ढापणी म्हणाली. "नक्की."

राखाडी आला. आत्याने मान वाकडी केली, एक डोळा मिटला. ट्यूब दिसली नाही, नुसता पांढुरका उजेड दिसला. "हां," ती म्हणाली, "ही शहाण्याची काच." ढापणीने खेळ चढवला आणि चित्रांची पातळी दोन पायऱ्या खाली आणली. गवत हलायचं थांबलं. पण पूल होता, नदी होती, आणि टोपीवाला न अडखळता चालत होता.

"आता डावा हात दे," ढापणी म्हणाली. तिने आत्याची बोटं एक-एक करून कळांवर ठेवली. काचेची पूड बसून बसून ती बोटं खरखरीत झाली होती. "हे पुढे. हे मागे. हे दोन्ही बाजूंना. बघायचं आणि उडी मारायची, ते तुझं तुला येतंच."

टोपीवाला चालला आणि सरळ नदीत पडला.

"अगं बाई!"

"परत."

पुन्हा नदीत. तिसऱ्यांदा तो पुलाकडे जायचं सोडून झाडाला धडका मारत बसला. "झाडाला पत्र द्यायचंय का, ताई?" दादाने विचारलं. "तू गप रे," आत्या म्हणाली. तिची जीभ दातांत होती आणि कपाळावर घाम. ढापणीचा हात शिवशिवत होता. तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. पाचव्या वेळी टोपीवाला पळत आला, तुटलेल्या फळ्यांवरून उडाला आणि पलीकडे टेकला. एकट्या आत्याचा.

"गेला! ढापणे, गेला बघ!" प्रिंटरवाल्या आजोबांनीही टाळी वाजवली. ढापणी एवढ्या जोरात ओरडली की बाहेरच्या रस्त्यावरचा एक माणूस थांबला.

"पॅक करू ना?" दादाने खोका उघडला.

"थांब जरा," आत्या म्हणाली. ती खुर्चीवरून उठली, ढापणीला तिथे सरकवलं आणि माउस तिच्या उजव्या हातात दिला. "हिची उडी राहिलीय. आठ वर्षांत एकदा नाही मारली हिने. घरी एकटी बसून काय नदीत पोहणारेय का?"

"मला येईल," ढापणी तोऱ्यात म्हणाली, टोपीवाल्याला घेऊन निघाली आणि पहिल्याच फळीवरून धपकन पाण्यात पडली.

"बघ," आत्या मागे उभी राहून तिच्या हातावर हात ठेवत म्हणाली. "आधी बघायचं असतं, मग उडायचं. चल, परत."