झग्याच्या खिशातले धुपाटणे

चांदीचे दोन डोळे, चांदीचा एक पाय, चांदीचे एक तान्हे बाळ आणि त्यांच्या शेजारी लाल फितीला लोंबणारा एक काळा, बुटका, ओशाळलेला डबा. या पंक्तीत कुणी न सांगताही जो उपरा म्हणून ओळखता येतो, तो मी. ग्रीसमधल्या कास्तोरिया गावी, तळ्याकाठच्या चर्चमध्ये देवमातेच्या तसबिरीखाली मी टांगलेला आहे. माझ्या अंगात चांदीचा कणही नाही. धूम्रपान सोडू पाहणाऱ्यांनी ओढावयाचे मी वाफेचे यंत्र. लोक मला वेप म्हणतात. असा जिन्नस नवसाच्या रांगेत कसा येऊन बसला, हे सांगताना मला स्वतःचेच पुष्कळ हसे करून घ्यावे लागेल. त्याची मला आता सवय झाली आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात, एकाच दिवशी घडलेल्या चार हजार भावंडांसोबत झाला. आमच्यात थोरला कोण आणि धाकटा कोण, हे आमच्या निर्मात्यालाही सांगता आले नसते. तरीही माझ्या खोक्यावर विजा झेलणाऱ्या एका पर्वताचे चित्र छापले होते आणि त्या चित्राने माझे डोके फिरले. साबणाच्या वडीएवढा देह, अंगठ्याच्या पेराएवढी टाकी आणि मनात मात्र पर्वत. अहंकाराला राहायला किती थोडी जागा पुरते, याचा माझ्याइतका नेमका दाखला मिळणे अवघड.

तळ्याच्या रस्त्यावरील स्मारोच्या दुकानात मी आठ महिने फळीवर काढले. माझ्या उजव्या हाताला बारीक, नाजूक नळ्या होत्या. त्या पातळ रस पीत. डाव्या हाताला दोन-दोन बॅटऱ्यांची अवजड धूडे होती. ती मधासारखा दाट, ग्लिसरीनचा रस पीत आणि ढग सोडीत. मी मधला. दाट रस पिण्याची ऐपत होती, पण अंग लहान. म्हणून नळ्या मला गावंढळ समजत आणि धूडे मला मूल समजत. मी मात्र दोघांनाही माझ्या योग्यतेचे समजत नसे.

फेब्रुवारीत, तळ्याच्या कडांना बर्फ धरलेले असताना, प्रोद्रोमोस दुकानात आला. चाळीस वर्षे त्याने फरचे कोट शिवले होते आणि एकतीस वर्षे तो या चर्चमध्ये स्तोत्रे गात होता. रोजच्या दोन पाकिटांनी त्याचा घसा गंजला होता. डॉक्टरांनी त्याला स्वच्छ शब्दांत सांगितले होते की सिगारेट आज सुटली नाही, तर ईस्टरला त्याचा आवाज असणार नाही. गुड फ्रायडेच्या संध्याकाळी फुलांनी मढवलेल्या ख्रिस्ताच्या तिरडीपुढे जो विलाप गातात, तो एकतीस वर्षे प्रोद्रोमोसनेच उचलला होता. पापा-स्तेर्यो, म्हणजे तिथले पाद्री, अतिशय हळुवारपणे म्हणाले होते की गरज पडलीच तर फ्लोरिनाहून गायक बोलावता येईल. त्या हळुवारपणाने प्रोद्रोमोसची झोप उडाली होती. त्याच आठवड्यात त्याची बायको दोम्ना हिने देवमातेला नवस बोलला होता: माझ्या नवऱ्याने या गुड फ्रायडेला विलाप गायला, तर तुला चांदीचा घसा वाहीन.

एक बारीक नळी त्याने आधीच आठवडाभर ओढून पाहिली होती आणि तिने घसा अधिकच खवखवू लागला होता.

"काका, पातळ रस तुमच्या घशाला सोसत नाही," स्मारो म्हणाली. "दाट घ्या. तो मऊ लागतो. पण त्याला यंत्र तसंच लागतं."

मग तिने समजावून सांगितले, ते मी कान देऊन ऐकले, कारण ती माझीच स्तुती करणार अशी माझी खात्री होती. दाट रस बारीक भोकांतून कापसात चढत नाही. कापूस कोरडा राहतो आणि तार त्यालाच जाळते. म्हणून भोके रुंद हवीत, तार जाळीची हवी, विजेचा जोर अधिक हवा. आणि या सगळ्याला बॅटरी मोठी हवी. एवढे बोलून तिने डावीकडचे धूड त्याच्या हाती दिले. प्रोद्रोमोसने ते कोटाच्या आतल्या खिशात घातले आणि खाली पाहिले.

"हे गायकाच्या झग्यात घेऊन उभा राहिलो, तर पापा-स्तेर्यो विचारतील, चर्चला वीट दान करतोयस का," तो म्हणाला. "मला असं दे, की कुणाला दिसणार नाही."

"दाट रस आणि छोटं यंत्र, दोन्ही एकदम मागताय. असा एकच आहे माझ्याकडे."

तो एकच मी होतो. ती म्हणाली की याची भोके रुंद आहेत, पण पोट लहान. रस भरल्यावर दहा मिनिटे थांबावे, थंडीत बाटली आधी कोमट करावी, दिवसातून दोनदा चार्जिंगला लावावे. "आणि काका, ढग मात्र मोठा सोडतो हं. नंतर मला बोल लावू नका."

प्रोद्रोमोसने मला तळहातावर घेतले आणि माझ्यावर फुंकर मारली. फर पारखताना केस बाजूला सारून खालचे कातडे पाहण्यासाठी कारागीर जशी मारतात, तशी. तेथे ना केस होते, ना कातडे. पण चाळीस वर्षांची सवय होती. मला वाटले, हा माझा अभिषेक आहे. स्मारोच्या चारही सूचना त्याने, लोक प्रवचन ऐकतात तशाच भक्तिभावाने ऐकल्या आणि दाराबाहेर पडेपर्यंत विसरून गेला.

सिगारेट सुटली, तेव्हा त्याचे श्रेय मी घेतले. पंधरा दिवसांनी खोकला ओसरला, त्याचेही मीच घेतले. श्रेय घेण्यासाठी मला दहा मिनिटे थांबावे लागत नसे. खरे पाहता रोज सकाळी त्या माणसाला मी एकदा तरी जाळीत असे. थंडीने रस गोठल्यासारखा होई, तो घाईने बटण दाबी, कापूस कोरडाच असे आणि जळक्या चिंधीची चव त्याच्या घशात उतरे. तो खोकत खोकत मला नावे ठेवी. मी मनात म्हणे, वाट पाहण्याचा धीर नसेल तर साधनाला दोष का द्यावा. साधन मीच होतो आणि दोषही माझाच होता, ही गोष्ट वेगळी.

ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात दर शुक्रवारी संध्याकाळी देवमातेची स्तुती गातात. तिसऱ्या शुक्रवारी, पापा-स्तेर्यो वाचत असताना, प्रोद्रोमोसला राहवले नाही. गायकाच्या, पोथी ठेवायच्या उंच लाकडी चौरंगाआड त्याने मान खाली घातली, झग्याची बाही तोंडाशी धरली आणि मला ओढले. मी कुणाला दिसलो नाही. न दिसण्यासाठीच तर मी निवडला गेलो होतो. पण माझा ढग दिसला. तो बाहीतून निघाला, कॉलरमधून निघाला, चौरंगावर आला आणि समयांच्या उजेडात शांतपणे वर चढू लागला. पहिल्या रांगेतल्या एका वृद्धेने कमरेतून वाकून क्रूसाची खूण केली.

त्या क्षणी मी काय झालो असेन. मला वाटले, मीच धूप. मीच प्रार्थना, वर जाणारी. कारखान्यात घडलेल्या प्लास्टिकच्या डबीला एवढ्या लौकर सायुज्य मिळावे, हे मला मुळीच आश्चर्याचे वाटले नाही.

पापा-स्तेर्यो हातातले धुपाटणे हलवीत चौरंगापाशी आले. घंटा किणकिणत होत्या.

"प्रोद्रोमोस, इथे धूप मी घालतो," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. "तू गा."

बायकांच्या बाजूला उभ्या असलेल्या दोम्नाने सारे पाहिले. घरी ती त्याविषयी एक अक्षर बोलली नाही. पण लाज माणसाला काय करायला लावते, ते पाहा. माझ्या रसाच्या बाटलीवर गॉगल घातलेल्या अननसाचे चित्र होते. दोम्नाला ते पुन्हा पुन्हा दिसू नये, म्हणून प्रोद्रोमोसने तो रस दिव्याच्या तेलाच्या एका रिकाम्या बाटलीत ओतला. आणि थंडीने तो घट्ट होऊ नये, म्हणून ती बाटली घरातल्या तसबिरीच्या फळीवर, अखंड तेवणाऱ्या दिव्यामागे ऊबेला ठेवली. दोन अडचणी एकाच युक्तीने सुटल्या म्हणून त्याने मला खुशीत एक थाप मारली.

त्या दिव्यातली ज्योत काडीने लावलेली नसते. ईस्टरच्या रात्री चर्चमध्ये वाटतात ती ज्योत घरोघरी मेणबत्तीवर जपून नेतात आणि वर्षभर तिला विझू देत नाहीत.

ईस्टरच्या आठ दिवस आधीचा, लाझारसच्या नावाचा शनिवार उजाडला. आणि दिवा थंड होता. आदल्या संध्याकाळी दोम्नाने चष्मा न लावता तेल घातले होते. दाट रस तळाशी गेला, उरलेले तेल वर तरंगले, ते संपेपर्यंत ज्योत टिकली आणि मग गेली. दोम्नाने काजळलेली वात उचलली, बाटली हुंगली, बोट बुडवून जिभेला लावले. गोड लागले. प्रोद्रोमोस मला खिशात घालून स्वयंपाकघरातून आला, तेव्हा ती बाटली हातात धरून उभी होती.

"गेल्या वर्षी पावसात छत्रीखाली आणली होती ही ज्योत," ती म्हणाली. "माझा हात भाजला होता."

"तुझी चूक नाही. बाटली मी बदलली."

"का?"

"लाज वाटली."

"माझी?"

तो फळीकडे वळला. मग काडी शोधू लागला.

"नको, माणसा. काडीची नको," दोम्ना म्हणाली. "पुढच्या शनिवारपर्यंत तिथे अंधारच राहू दे. तूही बघ, मीही बघते."

त्याने मोरीवर जाऊन माझी टाकी ओतून टाकली, मला धुतले, पुसले आणि, मला आजही याचे नवल वाटते, पुन्हा खिशात ठेवले. रस नाही, चार्जिंग नाही. मी नुसता वजनापुरता.

ते सहा दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत उपयोगाचे होते, आणि त्या सहा दिवसांत मी काहीही केले नाही. त्याचा हात दिवसातून शंभर वेळा खिशात येई, अंगठा माझ्या पाठीवरून फिरे आणि परत जाई. जपमाळेचे मणी ओढावेत, तसा मी ओढला गेलो. तो रेडिओवर ओरडला, शेजाऱ्याच्या मांजरावर ओरडला, पिशवीभर सूर्यफुलाच्या बिया फोडून खाल्ल्या. दोम्ना म्हणाली, टरफले जमिनीवर नकोत, खिशात ठेव. तेव्हापासून विजा झेलणारा पर्वत टरफलांत झोपू लागला.

शुक्रवारी संध्याकाळी तिरडी फुलांनी मढली. डाव्या चौरंगाशी फ्लोरिनाचा गायक पुस्तक उघडून उभा होता. आपण पाहुणे आहोत हे त्याला ठाऊक होते आणि कशासाठी आलो आहोत हेही. प्रोद्रोमोसने श्वास घेतला. पहिली ओळ अर्ध्यापर्यंत वर चढली आणि तुटली.

त्याचा हात खिशात आला आणि त्याने मला इतके घट्ट धरले, की टरफले चुरली. आता खरे तेच सांगतो. माझ्यात त्या वेळी एक थेंब जरी असता, तरी मी त्याला म्हटले असते, ओढ. तो तुटला तर तुटो, पण मला ओढ. नशीब माझे, की मी रिकामा होतो.

बायकांच्या बाजूने एक आवाज आला. तो गाता आवाज नव्हता, भांडी घासताना गुणगुणणारा होता. दोम्नाने ती ओळ उचलली होती. शेजारच्या बाईने धरली, मग रांगेने, मग साऱ्या चर्चने. विलाप तर सर्वांनाच पाठ असतो; एकतीस वर्षे ते केवळ त्याच्यासाठी गप्प राहत होते. तिसऱ्या ओळीला प्रोद्रोमोस त्यांच्यात मिसळला, नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत, खरखरीत, सर्वांच्या आवाजात कुठेतरी. तो उंच चढला नाही आणि तुटलाही नाही. फ्लोरिनाच्या गायकाने पुस्तक मिटले आणि तोही गाऊ लागला.

खिशातला हात केव्हा निघून गेला, ते मला कळले नाही.

शनिवारची नवी ज्योत घरी आली, दिवा लागला. ईस्टरनंतरच्या सोमवारी दोघे सोनाराकडे गेली. त्याच्याकडे चांदीचे डोळे होते, पाय होते, हृदये होती, बाळे होती. घसा नव्हता. आजवर कुणी मागितलाच नाही, तो म्हणाला. बोललेला नवस फेडायचा तर होता. दोम्नाने नवऱ्यापुढे हात पसरला. तिला काय हवे आहे, हे प्रोद्रोमोसला विचारावे लागले नाही.

"हे काय आहे?" पापा-स्तेर्यो यांनी तसबिरीपाशी विचारले.

"घसा आहे, बाबा," दोम्ना म्हणाली. "याहून चांगला मिळाला नाही."

पाद्रीबाबांनी मला उलटसुलट करून पाहिले. माझा ढग त्यांना आठवला असणार. मग त्यांनी स्वतःच्या हातांनी लाल फीत ओवली.

आता मी येथे आहे. माझी बॅटरी मेली आहे. चांदीच्या बाळाला ओठ लावायला आलेल्या म्हाताऱ्या नजर अधू असल्याने कधी कधी मलाही ओठ लावून जातात, आणि मी संकोचाने फितीवर फिरतो. खरा धूप माझ्यापुढून वर जातो, तेव्हा माझ्या ढगाची मला आठवण होते आणि लपायला जागा मिळत नाही. लपण्याचा माझा गुण येथे काही कामाचा नाही. वाचकहो, कधी या बाजूला आलात, तर चांदीच्या अवयवांना नमस्कार करा. माझ्याकडे पाहून नुसते हसलात, तरी मला पुरेल.

शुक्रवारी प्रोद्रोमोस गातो, तेव्हा मी ऐकतो. त्याच्या झग्याचा खिसा सपाट असतो. माझ्या आतला कापूस पुरता कोरडा झाला आहे, आणि जन्मात प्रथमच तो जळत नाही.