चंद्रहासकाकांचा दुसरा रिपोर्ट

"काका, तुम्ही आजवर खरंच कुणाला पकडलंय का?"

क्षितिजाच्या मैत्रिणी जीना आणि एलिसा खाली जिन्यात तोंड दाबून उभ्या होत्या. हा प्रश्न विचारून दाखवलास तर वडापाव आमच्याकडून, अशी पैज होती. तिसऱ्या मजल्यावरच्या 'चंद्रहास : गुप्त चौकशी' या पाटीखाली क्षितिजाने तो ठणकावून विचारला.

"एकदाच," काका गंभीरपणे म्हणाले. "सोसायटीतला पाणीचोर. टाकीमागे दबा धरून बसलो, तर वॉचमनने मलाच पकडलं. तुझं अक्षर कसं आहे गं?"

अक्षर छान होतं, आणि काकांना जवळचं धड दिसत नव्हतं. वडापाव राहिला बाजूला, शाळा सुटली की क्षितिजा त्यांचे रिपोर्ट लिहू लागली. काम बहुतेक लग्नाआधीच्या चौकशांचं. काका मासळीची रिकामी पिशवी घेऊन विरारभर हिंडत. बाजाराला निघालेल्या माणसावर कुणी संशय घेत नाही म्हणे! शेजाऱ्यांना मात्र ते कधीच विचारत नसत. "जमत आलेलं लग्न मोडल्याचं पाप कोण घेईल? शेजारी गुणच गाणार. इस्त्रीवाल्याला गाठायचं."

म्हणून दिवाळीनंतर थोरल्या बहिणीला, विनिताताईला स्थळ आलं, तेव्हा क्षितिजानेच बाबांच्या मागे लागून ती चौकशी काकांना मिळवून दिली. मुलगा कामणच्या एका गोदामात मॅनेजर. इस्त्रीवाला म्हणाला, "साहेबांचे ऑफिसचे शर्ट? चार महिने झाले, एक पण नाय आला." काका तडक कामणला गेले. गोदामाच्या वॉचमनने सांगितलं, साहेबांची नोकरी जुलैतच गेली. आणि मुलगा तर अजून रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडत होता!

क्षितिजाने सगळं लिहिलं, काकांनी खाली सही ठोकली. बाबांनी वाचून कागद खिशात घातला.

"साखरपुड्याचा हॉल बुक झालाय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येते तो आईच्या हातात भलताच कागद. 'मुलगा नोकरीत कायम. घराणे उत्तम.' अक्षर वेडंवाकडं. सही काकांची.

ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

"काका, खोटं लिहिलंत? तुम्ही?"

काका पिशवीची घडी घालत राहिले.

"अहो, बोला ना!"

"तुझे बाबा आले होते. म्हणाले, नवा रिपोर्ट द्या, नाहीतर पोरगी उद्यापासून वर येणार नाही."

"मग मला येऊ द्यायचं नाही ना!"

"तीस वर्षं एकट्याने केलं गं सगळं," काका म्हणाले. "आता नाही जमायचं."

तिला इतका संताप आला, की नेमका कुणाचा तेच कळेना. काकांवर ओरडावं म्हटलं तर ते घडीच मोडून पुन्हा घालत होते. ती तशीच खाली आली. आई पाहुण्यांची यादी करत होती, बाबा टीव्हीसमोर.

"बाबा, टीव्ही बंद करा."

"आवाज खाली, क्षितिजा."

तिने स्वतःच बंद केला.

"मी काकांकडे जाणार नाहीये. उद्यापासून नाही, कधीच नाही. आता त्यांना घाबरवायला तुमच्याकडे काही उरलं नाही."

"अगं, पण..." आईचं पेन थांबलं.

"आणि ताई सातला घरी येईल. पहिला रिपोर्ट मीच लिहिला होता, मला तो शब्दन् शब्द पाठ आहे. मी तिला सगळा सांगणार आहे."